रिटेनिंग वॉलमागची माती : माळव्याच्या जमिनीत पहिली भिंत बांधणाऱ्यांसाठी

इंदूर वरवर पाहता सपाट गाव आहे, तरीही इथल्या बांधकामात रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, वरचेवर लागते. राऊ-बिजलपूरकडच्या प्लॉटमध्ये एक कोपरा दुसऱ्यापेक्षा दोन-अडीच मीटर खाली असतो, खान नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठी भराव घालून जागा समतल करावी लागते, आणि अपार्टमेंटखाली पार्किंगचे तळघर काढले की चारही बाजूंनी मातीच धरून ठेवायची असते. नुकताच साइटवर रुजू झालेला अभियंता किंवा प्रथमच घर बांधणारा मालक अशा वेळी भिंतीची जाडी किती ठेवायची, एवढेच विचारतो. खरे तर जाडी हा शेवटून दुसरा प्रश्न आहे. भिंतीमागे कोणती माती आहे, तिच्यात पाणी कुठून शिरेल आणि कुठून बाहेर पडेल, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की बाकीचे गणित एका संध्याकाळचे काम असते.

हा लेख साडेतीन-चार मीटरपर्यंतच्या साध्या भिंतींपुरता आहे. त्याहून उंच भिंत, नाल्याच्या अगदी काठावरची भिंत किंवा शेजारच्या इमारतीच्या पायालगतची खोदाई असेल, तर माती परीक्षण आणि अनुभवी संरचना अभियंता यांना पर्याय नाही.

पहिली पायरी : मागच्या मातीची ओळख

इंदूरची जमीन दख्खनच्या बेसाल्टवर बसलेली आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, असा क्रम बहुतेक ठिकाणी मिळतो. मात्र काळ्या मातीचा थर कुठे अर्धा मीटर असतो, तर कुठे तीन मीटरच्याही खाली जातो. म्हणून प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्यावेत आणि प्रत्येक थराची जाडी मोजून लिहून ठेवावी. शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून अंदाज बांधणे धोक्याचे असते. नाल्याकाठच्या जागेत तर आणखी एक थर सापडतो, तो म्हणजे जुन्या पाडकामाचा मलबा. त्यावर काहीही उभे करू नये.

काळी माती किती फुगते हे पाहण्याची सोपी चाचणी कोणतीही प्रयोगशाळा करून देते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या नळीत शुद्ध पाण्यात टाकतात आणि तेवढीच माती दुसऱ्या नळीत केरोसिनमध्ये टाकतात. केरोसिनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनंतर दोन्ही नळ्यांतील मातीचे घनफळ वाचून फरकाची टक्केवारी काढतात. हा आकडा ५० टक्क्यांच्या पुढे गेला की ती माती भिंतीमागे वापरण्याचा विचार सोडून द्यावा.

दाब एकच नसतो

नवख्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी बाब हीच आहे. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो आणि भिंत हलली काय, न हलली काय, तो तेवढाच राहतो. मातीचे तसे नाही. मातीच्या कणांमध्ये घर्षण असते, आणि ते घर्षण कामाला लागण्यासाठी माती थोडी सरकावी लागते. त्यामुळे एकाच मातीचा दाब भिंतीच्या हालचालीनुसार तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर असू शकतो.

भिंत मुळीच हलत नसेल, तर माती स्थिर अवस्थेत असते. भिंत मातीपासून किंचित दूर झुकली, तर मागची माती सैलावते, घर्षण तिला स्वतःलाच धरायला लावते आणि दाब कमी होत होत एका किमान पातळीवर येऊन थांबतो. याला सक्रिय दाब म्हणतात. उलट भिंतच मातीत रेटली गेली, तर माती विरोध करते आणि दाब कितीतरी पटींनी वाढतो. हा निष्क्रिय दाब होय. घर्षणकोन, म्हणजे कणांमधले घर्षण किती आहे हे सांगणारा कोन, ३० अंश धरला, तर उभ्या दाबाचा, म्हणजे वरच्या मातीच्या वजनाने येणाऱ्या दाबाचा, स्थिर अवस्थेत निम्मा, सक्रिय अवस्थेत एक तृतीयांश आणि निष्क्रिय अवस्थेत तिप्पट भाग भिंतीवर आडवा येतो. म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात नऊपटीचा फरक आहे, आणि तोही त्याच मातीत.

सक्रिय अवस्थेला पोहोचायला लागणारी हालचाल अगदी थोडी असते : दाबून भरलेल्या वाळूसारख्या भरावात उंचीच्या हजाराव्या भागाइतकी, सैल भरावात त्याच्या तीन-चार पट. तीन मीटरच्या भिंतीसाठी हे ३ ते १२ मिलिमीटर होतात. निष्क्रिय विरोध पूर्ण मिळण्यासाठी मात्र कित्येक सेंटिमीटर सरकावे लागते. मृदा अभियंता कार्ल टेरझाघी यांनी अमेरिकेत मोठ्या आकाराच्या भिंतीवर केलेल्या प्रयोगांतून हालचाल आणि दाब यांचा हा संबंध १९३४ मध्ये मांडला गेला. दाबाचे सूत्र मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर असलेल्या कूलंब या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा मातीच्या त्रिकोणी पाचरीविषयीचा निबंध १७७६ मध्ये छापला गेला, आणि रँकिन यांनी १८५७ मध्ये आज आपण सर्रास वापरतो ते सोपे सूत्र दिले.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की वरचे टोक मोकळे असलेल्या बागेतल्या किंवा कुंपणालगतच्या भिंतीला सक्रिय दाब धरावा. पण तळघराची भिंत वर स्लॅबने आणि खाली राफ्टने, म्हणजे संपूर्ण तळभर पसरलेल्या काँक्रीटच्या पायाने, जखडलेली असल्यामुळे झुकूच शकत नाही, म्हणून तिला स्थिर अवस्थेचा, म्हणजे दीडपट दाब धरावा. तळघराच्या भिंतीला बागेच्या भिंतीचे डिझाइन चिकटवलेले मी इतक्यांदा पाहिले आहे की नकाशा हातात आल्यावर प्रथम तेच तपासतो.

पाचर कागदावर काढा

सक्रिय अवस्थेत मातीचा जो भाग सुटून भिंतीकडे येऊ पाहतो, तो त्रिकोणी पाचरीच्या आकाराचा असतो. तिची घसरणरेषा आडव्या रेषेशी ४५ अंश अधिक घर्षणकोनाचा अर्धा, म्हणजे ३० अंशांच्या मुरमासाठी ६० अंशांचा कोन करते. तीन मीटर उंचीला ही पाचर वर साधारण पावणेदोन मीटर मागे पोहोचते. भिंतीचा छेद काढून पायाच्या मागच्या टोकापासून ही रेषा काढावी. या रेषेच्या आत पाण्याची टाकी, शोषखड्डा, मोठे झाड किंवा मोटारीची वाट येते का, हे त्या एका चित्रात दिसते, आणि भरावासाठी मुरूम किती ट्रक लागेल तेही त्यावरूनच काढता येते.

एक हिशेब करून पाहू

पायाच्या तळापासून वरपर्यंत ३ मीटर उंच, इंग्रजी एल अक्षरासारखी पण पुढे थोडा पंजा असलेली काँक्रीटची भिंत घेऊ. उभा भाग २५ सेंटिमीटर जाड, पाया ३० सेंटिमीटर जाड आणि एकूण १.८ मीटर रुंद; त्यात पुढचा पंजा, ज्याला टो म्हणतात, ४५ सेंटिमीटर, आणि मातीखाली जाणारी टाच, म्हणजे हील, १.१ मीटर. मागे मुरूम, त्याचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन (दहा किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन) आणि घर्षणकोन ३० अंश. हिशेब भिंतीच्या एक मीटर लांबीसाठी करायचा.

तळाशी आडवा दाब १८ गुणिले ३ मीटर उंची आणि त्याचा सक्रिय अवस्थेतला एक तृतीयांश, म्हणजे चौरस मीटरला १८ किलोन्यूटन येतो. दाब वर शून्य आणि खाली १८ असा त्रिकोणी असल्याने एकूण रेटा २७ किलोन्यूटन, साधारण पावणेतीन टन, आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १ मीटरवर लागतो. भिंत उलथवणारा घूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर, २७ किलोन्यूटन-मीटर झाला. आता धरून ठेवणारी वजने : उभा भाग १७, पाया साडेतेरा आणि हीलवर बसलेली माती साडेत्रेपन्न किलोन्यूटन, एकूण सुमारे ८४. यांचा टोच्या टोकाभोवतीचा घूर्ण जवळपास ८९ येतो. उलथण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक, म्हणजे धरून ठेवणारे भागिले ढकलणारे, ३.३ झाला, आणि पायाखाली घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर सरकण्याविरुद्ध १.५५. सर्वसाधारण प्रथा अनुक्रमे २ आणि १.५ मागते, म्हणून भिंत चालेल. पायाखालचा सर्वाधिक दाब चौरस मीटरला ७२ किलोन्यूटनच्या आसपास येतो. मुरमावर तो चालतो, काळ्या मातीवर चालेलच असे नाही.

या आकड्यांत लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे हीलवरच्या मातीचे वजन. भिंतीला उभी ठेवणाऱ्या वजनापैकी जवळपास दोन तृतीयांश वजन त्याच मातीचे आहे जिला आपण अडवतो आहोत. त्यामुळे खर्च वाचवण्यासाठी ठेकेदार जेव्हा हील आखूड करायला सुचवतो, तेव्हा तो काँक्रीटसोबत हे वजनही कमी करत असतो.

रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि घूर्ण घनाच्या. दोन मीटरची भिंत चार मीटर केली तर रेटा चौपट, घूर्ण आठपट. “अजून दोन फूट उचलून घ्या” ही मालकाची मागणी स्लॅब झाल्यावर साधी वाटते, ती यामुळेच मान्य करता येत नाही. वर मोटारी उभ्या राहणार असतील तर चौरस मीटरला १० किलोन्यूटन भार धरावा. त्याने आपल्या भिंतीवर आणखी १० किलोन्यूटन रेटा येतो आणि सरकण्याचा गुणांक १.५५ वरून थेट १.१३ वर उतरतो. म्हणजे पाया रुंद करणे किंवा पायाखाली काँक्रीटची की, म्हणजे जमिनीत रुतणारा दात, उतरवणे भाग आहे.

टोच्या पुढच्या मातीचा निष्क्रिय विरोध वरच्या हिशेबात मी मुद्दाम धरलेला नाही. ती माती पुढेमागे ड्रेनेजची लाइन टाकायला कोणीतरी खोदतेच, आणि काळी माती असेल तर मे महिन्यात ती आकसून काँक्रीटपासून सुटलेली असते.

पाणी

वरचीच भिंत घ्या आणि पाणी बाहेर जायला वाट ठेवली नाही असे समजा. इंदूरला वर्षाला सरासरी ३७-३८ इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भराव वरपर्यंत भिजला की मातीचे पाण्यातले वजन निम्म्यावर येते, म्हणून तिचा रेटा २७ वरून १५ किलोन्यूटनवर उतरतो. पण पाण्याला घर्षण नसते. त्याला एक तृतीयांशाची सवलत मिळत नाही. त्याचा पूर्ण रेटा ४४ किलोन्यूटन येतो. एकूण झाले ५९, म्हणजे कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक. सरकण्याचा गुणांक ०.७६ वर येतो, आणि यात पायाखालून वर उचलणारा पाण्याचा दाब अजून धरलेलाच नाही. १ पेक्षा कमी म्हणजे भिंत सरकणार. एप्रिलमध्ये बांधलेली, मेमध्ये ठाम उभी असलेली भिंत ऑगस्टमध्ये का जाते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून निचऱ्याची व्यवस्था नकाशावर असावी, मिस्त्रीच्या मर्जीवर सोडू नये. भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पाइप बाहेरच्या बाजूला उताराने बसवून वीप होल, म्हणजे पाणी झिरपून बाहेर पडण्याची छिद्रे, ठेवावेत; आडवे आणि उभे अंतर एक ते दीड मीटर, आणि वरच्या ओळीतले खालच्या ओळीशी आलटूनपालटून. सर्वांत खालची ओळ पुढच्या तयार जमिनीच्या थोडी वर असावी, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवताना ती बुजते. भिंतीच्या पाठीला ३० सेंटिमीटर जाडीचा गिट्टीचा उभा थर, गिट्टी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईलचे (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड, आणि तळाशी हीलवर शंभराला एक उताराने टाकलेला छिद्रांचा पाइप, जो भिंतीच्या टोकाला मोकळा होतो. कापड टाळून चार पैसे वाचवले, तर बारीक माती दोन-तीन पावसाळ्यांत गिट्टीत भरते आणि वीप होल दिसायला राहतात, कामाला राहत नाहीत.

पाणी आत शिरण्यापूर्वीच अडवणे त्याहून स्वस्त पडते. भरावाच्या वर काँक्रीटचा किंवा घट्ट दाबलेल्या मातीचा थर द्यावा, उतार भिंतीपासून दूर काढावा आणि गच्चीचे पाणी त्या पाचरीत सोडू नये. बागेतला नळ आणि शोषखड्डाही तिथून हलवावा.

काळी माती भिंतीमागे नको

खोदाईत निघालेली काळी माती फुकट असते आणि मुरमाचा ट्रक विकत घ्यावा लागतो, त्यामुळे भरावाच्या वेळी मोह होतो. काळ्या मातीचा घर्षणकोन कमी, म्हणून सक्रिय दाबाचे प्रमाण मुरमाच्या दुप्पट होऊ शकते. पण मुख्य अडचण ती नव्हे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, आणि फुगायला जागा मिळाली नाही तर ते भिंतीला रेटते. पूर्ण अडवून ठेवलेल्या काळ्या मातीचा फुगण्याचा दाब चौरस मीटरला १०० किलोन्यूटनच्या पुढे सहज जाऊ शकतो. आपल्या उदाहरणातल्या भिंतीच्या तळाशी फक्त १८ होता. भिंत थोडी झुकली की हा दाब उतरतो, पण उन्हाळ्यात माती आकसून भिंतीमागे फट पडते, फटीत वरची सुटी माती आणि कचरा पडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात फुगण्यासाठी पुन्हा जागा नसते. अशा रीतीने भिंत दरवर्षी थोडी पुढे जाते आणि कधीच मागे येत नाही.

उन्हाळ्यातली कोरडी काळी माती नवख्याला आणखी एका बाबतीत फसवते. तिचा सरळ उभा काप कित्येक दिवस कोणत्याही आधाराविना उभा राहतो, कारण तिच्यात चिकटपणा असतो. मग मजूर निर्धास्तपणे आत उतरून सळई बांधू लागतात. कापाच्या मागे मात्र भेगा पडत असतात, आणि वळवाच्या एका सरीने त्या पाण्याने भरल्या की संपूर्ण काप एकदम आत येतो. दीड मीटरपेक्षा खोल उभ्या कापात आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये; हा नियम मालकाच्या घाईपुढे वाकवू नये.

काढलेल्या पाचरीच्या रेषेपर्यंतची काळी माती उचलून तिथे मुरूम भरणे हा सरळ उपाय आहे. मागे जागाच नसेल, तर आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेली पद्धत उपयोगी पडते : फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर दाबून भरतात. कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत देशभर वापरली गेली आहे. पाया मात्र कोणत्याही परिस्थितीत काळ्या मातीतून आरपार नेऊन मुरमावरच टेकवावा.

सळई, भराव आणि घाई

माती भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून उभ्या भागात ताण मातीच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई तिथेच हवी. हीलमध्ये ती वरच्या बाजूला आणि टोमध्ये खालच्या बाजूला येते. हे तिन्ही सोपे आहे आणि तरीही उलटे होते, कारण मिस्त्रीला कॉलमची सवय असते आणि आपल्या साइटवर नकाशा इंग्रजीत, बोलणे हिंदीत आणि मालकाशी चर्चा मराठीत चालते. नकाशावर मातीच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘मिट्टी साइड’ असे लिहून बाण काढावा. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळई स्वतः पाहावी. नंतर ती कोणालाच दिसत नाही.

काँक्रीटला पुरेशी ताकद येईपर्यंत, म्हणजे शक्यतो २८ दिवस, भराव घालू नये. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत घालावा. भिंतीपासून एक-दीड मीटरच्या आत मोठा रोलर आणू नये, तिथे हलका प्लेट कॉम्पॅक्टर किंवा धुम्मस वापरावी; जड रोलरने दाबलेली माती भिंतीला जो आडवा दाब देते, तो रोलर निघून गेल्यावरही बराचसा तसाच राहतो. जेसीबीने वरून एकदम ढीग ओतून पावसाने बसेल असे म्हणणे म्हणजे पाणी साठवायला खड्डा तयार करणे होय.

भिंत कशी जाते, हे ओळखणे

उलथणे, सरकणे, पायाखालची जमीन दबणे, भिंतच मोडणे आणि भिंतीसकट संपूर्ण काठ घसरणे, असे अपयशाचे पाच प्रकार आहेत. वरचे टोक ओळंब्याबाहेर गेले पण तळ जागेवर असेल, तर उलथणे किंवा टोखालची जमीन दबणे समजावे. तळच पुढे आला आणि पुढचे पेव्हर उचलले गेले असतील, तर भिंत सरकते आहे. उभ्या भागाच्या मुळाशी, मातीच्या बाजूने आडवी भेग असेल तर सळईचा प्रश्न असतो, आणि तो सर्वांत वाईट, कारण ती भेग मातीआड लपलेली असते. बाहेरून फक्त वरचे टोक झुकलेले दिसते. मागच्या जमिनीवर पाचरीच्याही पलीकडे धनुष्याकृती भेग दिसली, तर काठ घसरतो आहे. नाल्यालगत हे विशेषकरून पाहावे, कारण त्याला भिंत जाड करून उपयोग होत नाही.

पहिल्या पावसाळ्यापूर्वी भिंतीच्या माथ्यावर दोन-तीन ठिकाणी रंगाने खुणा करून ओळंब्याने अंतर मोजून ठेवावे आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजावे. सुरुवातीला पाच-सात मिलिमीटर हलून थांबलेली भिंत सक्रिय अवस्थेत पोहोचली एवढेच समजावे. दर वेळी आकडा वाढत असेल, तर आधी वरचा भार, म्हणजे उभ्या मोटारी आणि विटांचे ढीग, हटवावा, पुढे खोदकाम अजिबात करू नये आणि मागचा भराव वरून टप्प्याटप्प्याने उतरवावा. मोठा पाऊस होऊनही वीप होल कोरडे असतील तर ते बुजले आहेत असे धरावे आणि नवीन छिद्रे पाडावीत. सुरुवात वरच्या ओळीपासून करावी, एका वेळी एकच छिद्र घ्यावे आणि ड्रिल धरणाऱ्याला छिद्राच्या समोर नव्हे, बाजूला उभे करावे, कारण मागे पाणी साठलेले असेल तर ते चिखलासकट जोरात बाहेर येते.